सहा महिन्यांनी बदलणारे रक्त

कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणारी गाडी थांबली की नवखा प्रवासी वडापावच्या गाड्याकडे धावतो. कर्जतचा माणूस गाडीच्या शेपटाकडे पाहतो. तिथे बँकर लागत असतात. पुढे भोर घाट आहे, आणि त्याचा चढ असा की ३७ फूट पुढे गेले की गाडी एक फूट वर चढलेली असते. मागून जादा इंजिनांचा रेटा मिळाल्याशिवाय जड गाडी वर जात नाही. लोणावळा आला की बँकर सुटतात. गाडी आपल्या इंजिनावर पुढे निघून जाते.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ याच स्टेशनात पॉइंट्समन होते. आता निवृत्त आहेत. मूळ गाव वर्धा जिल्ह्यात. वडील रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आले आणि कुटुंब कर्जतचेच झाले. त्यांच्या घरी सहा वर्षांपूर्वी नातू जन्मला. बाळ तीन किलोचे, गुटगुटीत. विहारात नामकरण झाले तेव्हा आम्हीही पेढे खाऊन आलो होतो. आठव्या महिन्यात बाळाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाएकी सुजले. बाळ रात्रंदिवस किंचाळू लागले. कोणी म्हणाले दात येताहेत. एका डॉक्टरांनी वाताचे औषध दिले. आजी अजून वऱ्हाडीच बोलतात, त्या म्हणाल्या, "पोट्ट्याले नजर लागली." शेजारच्या बायकांनी त्याहून सोपा निकाल लावला. सून चंद्रपूरकडची, घरात येऊन दोन वर्षेही झाली नव्हती. तिचे दूध बाधले, ती पांढऱ्या पायाची, असे बोलणे सुरू झाले. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर असलेल्या घरांतूनही हे शब्द बोलले जातात, हे लिहिताना आम्हांस लाज वाटते. पण बोलले गेले हे खरे.

चौदाव्या महिन्यात रक्ताची नीट तपासणी झाली. बाळाला सिकलसेल आजार निघाला. आईवडील दोघेही त्याचे वाहक निघाले. आजार जन्मजात आहे, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले, तेव्हा आजींनी एकच प्रश्न विचारला. "जल्मापासूनचा आजार म्हणता, मंग सहा महिने पोट्टं इतकं चांगलं कसं होतं?"

त्या वेळी त्यांना कोणी उत्तर दिले नाही. आमच्या मते त्या घरात विचारला गेलेला तो सर्वांत शहाणपणाचा प्रश्न होता. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही याच प्रश्नाने वाट दाखवली आहे. वाचक बंधुभगिनींनो, आजचा हा लेख म्हणजे त्या आजींच्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे समजून वाचावे.

रक्तातला विळा

आपल्या रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि अंगभर पोचवायचा, हे त्याचे काम. लाल पेशी म्हणजे त्याची पोती भरलेली होडीच म्हणा. निरोगी पेशी गोल आणि लवचीक असते, केसाहून बारीक नळीतूनही अंग चोरून निघून जाते. सिकलसेलमध्ये प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटून ताठ काड्या बनतात आणि पेशी भात कापायच्या विळ्यासारखी वाकडी होते. विळ्यांचा भारा अरुंद बोळात अडकावा तशा या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. मग हाडे दुखतात, हातपाय सुजतात, पोटात कळा येतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही वाकडी पेशी दहा ते वीस दिवसांत फुटते. म्हणून अंगात रक्त टिकत नाही, आणि डोळे पिवळे दिसतात ते याच मोडतोडीमुळे.

१९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तात या विळ्या पाहिल्याचे प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या कणातच आहे. पुढे १९५६ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इनग्राम यांनी तो नेमका शोधून काढला. हिमोग्लोबिनमध्ये बीटा नावाची एक साखळी असते. १४६ मण्यांच्या या माळेतला फक्त सहावा मणी बदललेला असतो. बाकीचे १४५ मणी तुमचे-आमचे सारखेच. जनुकाच्या लिपीत पाहिले तर चूक एका अक्षराची आहे.

हे बीटाचे जनुक प्रत्येकाला दोन मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्ही चांगली असली तर 'एए'. एक चांगले आणि एक बिघडलेले असले तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहकाला सहसा काहीही त्रास नसतो. तो रूळ उचलतो, कारखान्यात पाळी करतो, म्हातारा होतो. दोन्ही बिघडलेली असली तरच 'एसएस', म्हणजे रुग्ण.

पोटातले रक्त वेगळे असते

आता आजींच्या प्रश्नाकडे वळू. गर्भ आईच्या पोटात असतो तेव्हा तो श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू मिळतो तो वारेतून, आईच्या रक्ताकडून. म्हणजे आईच्या हिमोग्लोबिनने धरून ठेवलेला प्राणवायू बाळाच्या हिमोग्लोबिनला ओढून घ्यावा लागतो. दोन्हींची ओढ सारखी असती तर बाळाच्या वाट्याला पुरेसे आले नसते. म्हणून गर्भाचे हिमोग्लोबिन निराळेच असते. त्याची प्राणवायूची ओढ आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा जास्त.

हा फरक जागेतही दिसतो. पहिल्या काही आठवड्यांत, गर्भ तांदळाच्या दाण्याएवढा असतो तेव्हा, त्याचे रक्त अंगाबाहेरच्या एका इवल्याशा पिशवीत तयार होते. मग ते काम यकृताकडे जाते आणि शेवटी हाडांतल्या मगजाकडे. जागा बदलते तसे हिमोग्लोबिनही बदलते. अगदी सुरुवातीला एक जात, मग बहुतेक सर्व महिने गर्भाचे हिमोग्लोबिन, आणि जन्माच्या सुमारास मोठ्या माणसाचे. आम्हांला यातली सर्वांत नवलाची गोष्ट ही वाटते की, या साखळ्यांची जनुके अकराव्या गुणसूत्रावर ओळीने बसलेली आहेत, आणि ज्या क्रमाने बसली आहेत त्याच क्रमाने ती वापरात येतात. पहिले पहिल्यांदा, शेवटचे शेवटी.

सिकलसेलची चूक असते ती या ओळीतल्या शेवटच्या, बीटाच्या जनुकात. गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळी नसतेच. तिच्या जागी गॅमा नावाची दुसरी साखळी असते, आणि तिचे जनुक या बाळांतही ठणठणीत असते. जन्माच्या वेळी बाळाच्या हिमोग्लोबिनपैकी ६० ते ८० टक्के हे गर्भाचे हिमोग्लोबिन असते. पुढे ते आटत जाते. सहा महिन्यांपर्यंत फार थोडे उरते आणि त्याची जागा बीटावाले हिमोग्लोबिन घेते. निरोगी मुलात या अदलाबदलीचा पत्ताही लागत नाही. सिकलसेलच्या मुलात मात्र चांगले रक्त जाऊन विळ्यांचे रक्त येते, आणि हातपाय सुजतात.

आम्ही हे पॉइंट्समन साहेबांना समजावू लागलो तेव्हा ते मध्येच म्हणाले, "म्हणजे दादा, बँकर सुटला आणि पुढचं इंजिन नादुरुस्त निघालं." याहून चांगले आम्हांला सांगता आले नसते.

१९४८ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या हेच लक्षात आले होते. सिकलसेल असलेल्या घरातल्या नवजात बाळांच्या रक्तात वाकड्या पेशी फार थोड्या दिसतात, त्याअर्थी गर्भाचे हिमोग्लोबिन त्यांना सांभाळत असावे, असा तर्क त्यांनी मांडला. आमच्या आजींनी विचारले तेच. फरक इतकाच की वॉटसनबाईंच्या हाताशी सूक्ष्मदर्शक होता.

जनुकाला कुलूप कोण लावतो?

पॉइंट्समन साहेबांची धाकटी कन्या बी.एस्सी. करते. अकरा-बारावीपासून जीवशास्त्र घेतलेले. एके दिवशी ती पुस्तक घेऊन आमच्याकडे आली. म्हणाली, "काका, जनुकांच्या नियंत्रणाचं प्रकरण आम्ही घोकून पाठ केलं. लॅक ओपेरॉन, सहा मार्कांचा प्रश्न. त्याचा आमच्या घरातल्या दुखण्याशी संबंध असेल असं कुणी सांगितलंच नाही."

संबंध आहे. आपल्या प्रत्येक पेशीत जवळजवळ तीच जनुके असतात, प्रथिने बनवणारी सुमारे २०,००० तरी. डोळ्याच्या पेशीतही हिमोग्लोबिनचे जनुक आहे. पण डोळा रक्त बनवत नाही. कोणते जनुक कधी वाचायचे आणि कोणते मिटून ठेवायचे, यावर पेशीचे वळण ठरते. एका पेशीपासून गर्भ, गर्भापासून बाळ, हा सारा खेळ याच उघडझापीचा. १९६१ साली फ्रान्समध्ये फ्रान्स्वा जेकब आणि जॅक मोनो यांनी आतड्यातल्या एका जंतूवर हे दाखवून दिले. दुधातली साखर मिळत नसेल तेव्हा तिला पचवणाऱ्या जनुकांवर एक प्रथिन कुलपासारखे बसून असते. साखर आली की ते कुलूप निघते. हाच तो सहा मार्कांचा लॅक ओपेरॉन.

माणसात यंत्रणा पुष्कळ गुंतागुंतीची आहे, पण कुलूप इथेही आहे. जन्मानंतर गर्भाच्या हिमोग्लोबिनचे जनुक बंद ठेवणाऱ्या एका प्रथिनाचे नाव बीसीएल-११-ए. २००८ साली बोस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेने हे काम उघडकीला आणले. म्हणजे सिकलसेलच्या रुग्णाच्या अंगात निरोगी हिमोग्लोबिनची कृती शाबूत असते, आयुष्यभर. ती फक्त कुलपात असते. बँकर भंगारात गेलेला नसतो, शेडमध्ये उभा असतो.

काही जणांत हे कुलूप जन्मतःच थोडे सैल असते. भारतातल्या पुष्कळ रुग्णांच्या रक्तात गर्भाचे हिमोग्लोबिन आफ्रिकेतल्या रुग्णांपेक्षा जास्त उरते, म्हणून काहींचा त्रास सौम्य राहतो. सर्वांचा नव्हे, विदर्भात तीव्र त्रासाची मुले पुष्कळ आहेत. हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी आहे, अमेरिकेत १९९८ मध्ये ती प्रौढ रुग्णांसाठी मान्य झाली. ती गर्भाचे हिमोग्लोबिन वाढवते. स्वस्त आहे; मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मधूनमधून रक्त तपासत घ्यायची, आणि मूल हवे असेल तेव्हा आधी डॉक्टरांना विचारायचे. पॉइंट्समन साहेबांचा नातू ती घेतो. आधी महिन्याआड दुखण्याने रडत असे, आता शाळेत जातो.

आणि २०२३ साली कुलूपच मोडणारा उपचार आला. रुग्णाच्या मगजातल्या मूळ पेशी बाहेर काढायच्या, त्या पेशींत जिथून बीसीएल-११-ए ला हुकूम सुटतो ती जागा कात्रीने कापायची, आणि पेशी परत अंगात सोडायच्या. कात्री म्हणजे क्रिस्पर, जिच्यासाठी एमान्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना या दोन स्त्रियांना २०२० चे नोबेल मिळाले. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या व्हिक्टोरिया ग्रे या कृष्णवर्णीय मातेने २०१९ मध्ये प्रयोग म्हणून हा उपचार प्रथम घेतला, आणि तिच्या असह्य कळा थांबल्या. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेने त्याच डिसेंबरात त्याला मान्यता दिली. किंमत २२ लाख डॉलर. रुपयांत अठरा कोटींच्या वर. खोपोलीच्या कारखान्यातल्या कामगाराने हा आकडा कोणत्या बोटांवर मोजावा? दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेचे शास्त्रज्ञ देशी आणि स्वस्त उपचारावर काम करीत आहेत. ते लवकर तडीस जावो. परंतु आज या मुलांना जगवते ती अठरा कोटींची कात्री नव्हे. वेळेवर निदान, गोळी, लसी आणि घरातल्यांची जागरूकता.

गालाला लाली आणणारा विषाणू

नातू चार वर्षांचा असताना घरात दोन मुलांना एकदमच ताप आला. पुतण्याचे गाल चापट मारल्यासारखे लाल झाले, चार दिवसांत तो खेळायला लागला. आमचा हा नातू मात्र कागदासारखा पांढरा पडला. हिमोग्लोबिन तीनवर आले. रात्री गाडी करून त्याला नेले, रक्त चढवले, म्हणून वाचला. एकाच घरातला एकच ताप आणि दोन मुलांत एवढा फरक का?

विषाणू म्हणजे नुसती जनुकांची चिठ्ठी, प्रथिनाच्या पाकिटात घातलेली. त्याला स्वतःचे खाणेपिणे नाही, स्वतःची वाढ नाही. तो दुसऱ्याच्या पेशीत शिरतो आणि तिच्याच यंत्रावर आपल्या चिठ्ठीच्या प्रती काढून घेतो. यातला पार्व्होव्हायरस बी-१९ हा १९७५ साली लंडनमध्ये यव्होन कोसार्ट यांना रक्ताचे नमुने तपासताना सापडला. बी गटातला १९ वा नमुना, म्हणून हे नाव. त्याला प्रती काढायला लाल पेशी बनवणाऱ्या मगजातल्या कोवळ्या पेशीच लागतात. त्यामुळे आठवडा-दहा दिवस नवीन लाल पेशी बनणे जवळजवळ थांबते.

आता हिशोब करून पाहा. ज्याच्या पेशी १२० दिवस टिकतात त्याचे एका आठवड्यात फारसे बिघडत नाही. ज्याच्या पेशी पंधरा दिवसांत फुटतात त्याचे जवळजवळ अर्धे रक्त त्याच आठवड्यात संपते. १९८१ साली लंडनच्या डॉक्टरांनी जमैकन कुटुंबांतल्या सिकलसेल मुलांत हे ओळखले. त्याआधी कित्येक मुले अशी पांढरी पडून गेली असतील, आणि त्यांच्या घरांतही कोणीतरी नजर काढली असेल. म्हणून सिकलसेलच्या मुलाला ताप आला, एकाएकी फिकटपणा आला, धाप लागली, पोट डाव्या बाजूला फुगले, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री दवाखाना गाठावा.

विषाणूची बाजू मांडणारेही एक वाक्य लिहिले पाहिजे. २०२३ च्या त्याच डिसेंबरात अमेरिकेने सिकलसेलचा दुसरा एक जनुक-उपचार मान्य केला. त्यात हिमोग्लोबिनचे चांगले जनुक मूळ पेशींत नेऊन पोचवण्याचे काम एचआयव्हीपासून बनवलेला, रोग देण्याची ताकद काढून घेतलेला विषाणू करतो. तो तर पहिल्याहूनही महाग, ३१ लाख डॉलर.

हे रक्त वाईट नव्हे

भारतात सिकलसेल प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत नोंदवला गेला. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या वाहकांविषयी 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. पुढे पुण्याचे डॉ. सु. ल. काटे यांनी महाराष्ट्रभर हिंडून रक्ते तपासली. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा जमातींत शंभरात २० ते ३५ वाहक सापडले. विदर्भात आपल्या समाजातही वाहक पुष्कळ. कुणबी, तेली अशा इतर समाजांतही आहेत, प्रमाण कमी.

यावरून काही शहाणे "हा त्यांच्या रक्ताचाच दोष" असे म्हणताना आम्ही कानांनी ऐकले आहे. त्यांना १९५४ सालची गोष्ट सांगावी. त्या वर्षी अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवले की वाहक असलेल्या मुलांना हिवतापाच्या जीवघेण्या प्रकारापासून संरक्षण मिळते. जिथे डास आणि रान होते तिथे वाहक जगले, आणि त्यांची मुले वाढली. म्हणूनच हे जनुक आफ्रिकेत आहे तसे अरबस्तानात, ग्रीसमध्ये, इटलीच्या सिसिली बेटावरही आहे. तिथले गोरे लोक काही कोणाच्या गावकुसाबाहेर राहत नव्हते. रानाच्या कडेला राहून हिवतापाशी जे झुंजले त्यांच्या रक्तावर राहिलेला हा वण आहे. वंश आणि अस्पृश्यता यांचा संबंध जोडणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात मापांच्या आधारे उत्तर दिले आहे. रक्ताच्या नावाने जात सांगणाऱ्यांनी तो ग्रंथ काढून वाचावा.

आमच्या कर्जत-खालापुरातल्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांवरही ही तपासणी पोचली पाहिजे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. वीटभट्टीवर सहा महिने जाणारा कातकरी तपासणीच्या दिवशी वाडीत सापडतो का, हा आमचा प्रश्न.

सोयरीक

आता ज्या गोष्टीसाठी पॉइंट्समन साहेब मुळात आमच्याकडे आले होते ती सांगतो. नातवाच्या निदानानंतर सर्व घराची तपासणी झाली, तेव्हा धाकटी कन्याही वाहक, एएस निघाली. पुढे तिला खोपोलीचे स्थळ आले. मुलगा कारखान्यात कायम, स्वभावाने चांगला, आणि त्याचे आजोळ चंद्रपूर जिल्ह्यातले. साहेबांनी दबक्या आवाजात विचारले, "दादा, सांगावं की झाकावं? सांगितलं तर स्थळ मोडेल."

आम्ही आधी कागदावर चार चौकोन काढले. एक वाहक आणि दुसरा एए असेल तर एकही मूल रुग्ण होत नाही. फार तर वाहक होईल. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता रुग्णाची, दोन वाहकाची, एक पूर्ण निरोगी मुलाची. इथे लोक हमखास फसतात. एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन चांगली, असे ते धरून चालतात. नाणे दर वेळी नव्याने उडते. आणखी एक. जोडीदार थॅलेसेमियाचा वाहक असला तरी मूल आजारी होऊ शकते, म्हणून फक्त बोटाला टोचून होणारी साधी चाचणी पुरत नाही; पुढची पक्की तपासणी करून घ्यावी. त्या साध्या चाचणीने वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळत नाही, आणि सहा महिन्यांआतल्या बाळात तर ती चुकून 'ठीक' सांगू शकते. कारण वाचकांना आता ठाऊक आहेच. बँकर अजून लागलेला असतो.

"सांगा," आम्ही म्हणालो, "पण नुसतं आपल्या मुलीचं सांगू नका. मुलाचीही तपासणी मागा." मुलीचा कागद मागणारे आणि मुलाचा विषय निघाला की "आमचा पोरगा ठणठणीत आहे" म्हणणारे वरपक्ष आम्ही पुष्कळ पाहिले. वाहकही ठणठणीतच असतो, हे त्यांना कोण सांगणार?

पण मुलीने बापाची वाट पाहिली नाही. तिने स्वतः त्या मुलाला खोपोलीत गाठून चार चौकोन काढून दाखवले. तो दोन दिवसांनी तपासणीला तयार झाला. एका रविवारी त्याच्या आईने आमच्या घरी येऊन भांडण केले. तेही ऐकून घेतले. कागद आला तो एएस.

दोन्ही घरांत आठवडाभर कोणी नीट जेवले नाही. स्थळ मोडावे असे बहुतेकांचे मत. आम्हांला विचारले तेव्हा आम्ही सांगितले की हा निर्णय त्या दोघांचा, आमचा नाही. मात्र घ्यायचा तो सर्व माहिती घेऊन. कर्जतहून लोकलने दादर, तिथून परळ. केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. विदर्भातल्या वाचकांसाठी चंद्रपूरला आयसीएमआरचेच केंद्र ११ डिसेंबर २०२२ पासून आहे. परळला त्या दोघांना समजावून सांगण्यात आले की गर्भ दहा ते बारा आठवड्यांचा असताना वारेचा किंचित तुकडा काढून, किंवा चौथ्या महिन्यानंतर गर्भजल काढून, बाळ रुग्ण आहे की नाही हे पाहता येते. १९९४ च्या कायद्याने अशा तपासणीला नोंदणीकृत केंद्रात परवानगी आहे. मुलगा की मुलगी हे सांगायला मात्र बंदीच, आणि असावीच. पुढे काय करायचे ते आईबापांनी ठरवायचे. मूल ठेवायचे ठरले तर जन्मल्याबरोबर पक्की तपासणी, पेनिसिलीन, लसी, फॉलिक अ‍ॅसिड, भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, आणि तापाला न रेंगाळणे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्याचे प्रमाणपत्र काढता येते. हेही त्यांनी विचारून घेतले.

गेल्या वर्षी दोघांनी लग्न केले. मुलाची आई लग्नाला आली, आणि जेवायलाही बसली. जिला पांढऱ्या पायाची म्हटले होते ती वहिनी नणंदेच्या पाठीशी उभी होती. तिचा मुलगा पंगतीत धावत होता, मधूनमधून पाणी प्यायला लावायला आजी त्याच्या मागे.

आता लेकीला तिसरा महिना लागला आहे. परळची तारीख पुढच्या मंगळवारची. सकाळच्या लोकलने दोघे जाणार आहेत. गर्दीत पोटाला धक्का नको म्हणून पॉइंट्समन साहेब स्वतः सोबत निघाले आहेत.